धरण क्रमांक ५ (पोटोमॅक नदी)

अमेरिकेतील मेरीलँड व वेस्ट व्हर्जिनिया यांच्या सीमेवर, पोटोमॅक नदीवर असलेले जुने धरण. विल्यम्सपोर्ट गावाच्या वरच्या अंगाला, वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउनपासून कालव्याने सुमारे १७१ किमी. अंतरावर ते आहे. सिंचनाशी त्याचा संबंध नव्हता. चेसापीक-ओहायो कालव्याला नौकावाहतुकीसाठी पाणी पुरवणे हेच त्याचे काम होते.

कालव्याचे काम १८२८ मध्ये सुरू झाले आणि १८५० मध्ये तो कंबरलंडच्या कोळसा-प्रदेशापर्यंत पोचला. वाटेत ७४ जलपाश (नौका एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाजांचे कक्ष) होते. प्रत्येक नौकेबरोबर जलपाशातले पाणी खालच्या टप्प्यात उतरे, मातीच्या पात्रातूनही ते झिरपे. ही तूट भरून काढण्यासाठी आठ धरणे आखली गेली. त्यांपैकी सातवे बांधलेच नाही. पाचव्या धरणापर्यंतची वाहतूक १८३५ मध्ये खुली झाली. धरणाच्या वर काही अंतर कालवा खोदलेला नाही. तेथे नौका नदीच्याच तुंबलेल्या, संथ पाण्यातून जात आणि काठावरून खेचरे त्यांना ओढत.

मूळ बांधकाम लाकडी सांगाड्यांत दगड भरून केलेले होते. ते गळे आणि पुरात मोडे, म्हणून १८५७ मध्ये दगडी बांधकाम हाती घेण्यात आले.

धरणाचे खरे महत्त्व अमेरिकन यादवी युद्धात दिसले. दक्षिणेकडील राज्यांच्या फौजांनी बाल्टिमोर-ओहायो रेल्वेमार्ग तोडल्यावर वॉशिंग्टनला कोळसा पोचवण्याची भिस्त कालव्यावर आली. धरण फुटले, तर खालचा कालवा कोरडा पडणार, हे दक्षिणेचा सेनानी ‘स्टोनवॉल’ जॅक्सन याने अचूक हेरले. डिसेंबर १८६१ मध्ये त्याने दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्या खेपेस त्याचे सैनिक गोठवणाऱ्या पाण्यात उतरून कुऱ्हाडींनी अजून उभे असलेले जुने लाकडी सांगाडे तोडत होते आणि पलीकडच्या तीरावरून उत्तरेच्या सैन्याचा मारा चालू होता. धरणाला खिंडार पडले, पण ते लवकरच बुजवण्यात आले. इतक्या धाडसाचे फळ अगदीच तोकडे ठरले.

कालव्याचा घात अखेर पुरांनी केला. १८८९ च्या पुराने कालव्याची कंपनी दिवाळखोरीत गेली. १९२४ च्या पुरानंतर वाहतूक कायमची थांबली. दगडी धरण मात्र टिकून आहे. वेस्ट व्हर्जिनियाच्या काठावर त्याच्या पाण्यावर चालणारे वीजकेंद्र उभारण्यात आले. मेरीलँडकडील कालव्याचा परिसर १९७१ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात मोडतो.