शीतपेये, वायुमिश्रित (मुंबई उपनगरे)

कार्बन डाय-ऑक्साइड दाबाखाली विरघळवलेली गोड, मद्यविरहित पेये. उपनगरांत या उद्योगाची दोन ठळक नावे : चेंबूरची ड्यूक्स आणि विलेपार्ले-अंधेरी परिसरातील पार्ले.

इतिहास : ड्यूक्सची स्थापना १८८९ मध्ये दिनशा पांडोळे यांनी केली, लेमोनेड व रासबेरी ही तिची गाजलेली पेये. विलेपार्ल्यात १९२९ मध्ये गोळ्या-चॉकलेटांनी आरंभ केलेल्या पार्लेने स्वातंत्र्यानंतर शीतपेयांत पाऊल टाकले. १९५०च्या दशकाच्या आरंभी ‘गोल्ड स्पॉट’ आले. १९७७ मध्ये कोका-कोलाने भारत सोडला. त्याच वर्षी पार्लेचे ‘थम्स अप’ बाजारात आले.

निर्मिती : पाण्यातील क्लोरीन सक्रिय कोळशातून गाळून काढतात, कारण त्याने स्वाद बिघडतो. पाण्याचा अल्कधर्मही कमी करावा लागतो, नाहीतर पेयातील आम्ल मारले जाते. साखरेचा पाक गाळून थंड केल्यावर त्यात आधी सोडियम बेंझोएट व नंतर आम्ल घालतात. क्रम उलटल्यास बेंझोइक आम्लाचा साका बसतो. मग स्वादाचा अर्क मिसळतात. अशा एक भाग पाकाला साधारण पाच भाग पाणी लागते. थंड द्रवात वायू अधिक विरघळत असल्याने मिश्रण गार करूनच वायू सोडतात. परत आलेल्या काचेच्या बाटल्या गरम कॉस्टिक सोड्याने धुऊन, उजेडासमोर तपासून, दाबाखाली भरतात आणि २१ दातांचे पत्र्याचे बूच बसवतात.

अर्क : पेयाची ओळख यातच असते. संत्र्या-लिंबाची तेले पाण्यापेक्षा हलकी असल्याने बाटलीच्या गळ्याशी तरंगतात. ती जड करून पाण्यात विखुरलेली ठेवण्यासाठी ब्रोमीनयुक्त वनस्पती तेल वापरले जाई. १९९०पासून भारतात त्यावर बंदी आहे.

अबकारी वाद : पार्लेची पार्ले एक्स्पोर्ट्स ही कंपनी गोल्ड स्पॉट, लिम्का व थम्स अप या पेयांचे अर्क तयार करून बाटलीभरणी करणाऱ्या कंपन्यांना विकत असे. १ मार्च १९७५च्या अधिसूचनेने खाद्यपदार्थांना उत्पादनशुल्कातून सूट दिली होती. हे अर्क खाद्यपदार्थ आहेत काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोव्हेंबर १९८८ मध्ये न्यायालयाने व्यवहारातील अर्थ प्रमाण मानला : सामान्य माणूस पेयाच्या अर्काला खाद्यपदार्थ म्हणत नाही, सबब सूट लागू नाही. अर्क आणि बाटली हे दोन वेगळे धंदे आहेत, ही गोष्ट या खटल्याइतकी स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसते.

मालकी : १९९३ मध्ये पार्लेच्या थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट इत्यादी नाममुद्रा कोका-कोलाकडे गेल्या. बाटलीबंद पाण्याची ‘बिसलेरी’ पार्लेच्या मालक चौहान कुटुंबाकडे राहिली. ड्यूक्स पुढे पेप्सीने घेतली.

आरोग्य : भारतात वायुमिश्रित पेयांतील कॅफीनवर कायद्याने मर्यादा आहे. शीतपेयांतील कीटकनाशक-अंशांबाबतच्या २००३ मधील वादानंतर मानके कडक करण्याची मागणी झाली.

वितरण : काचेच्या बाटलीवर अनामत घेतली जाई.