हलत्या जमिनीवरची शोकेस

न्यूझीलंडमध्ये पुतळ्यांचा किंवा मूर्तींचा संग्रह करणाऱ्यांच्या घरातली शोकेस अनेकदा त्याच घराच्या गॅरेजमध्ये जन्माला आलेली असते. पाइनची चौकट, एमडीएफच्या फळ्या, पुढे काच, आत एलईडीची पट्टी आणि मागे भिंतीत घट्ट बसवलेले स्क्रू, असे तिचे साधे रूप. त्यातले लाकूड आणि काच जगात कुठेही दिसेल. स्क्रूंचा हट्ट मात्र खास या देशाचा आहे.

मोलाच्या वस्तू ठेवण्याची इथली सर्वांत जुनी रीत दाखवण्याची नव्हे, झाकण्याची होती. हुइया पक्ष्याच्या शेपटीची पांढऱ्या टोकांची काळी पिसे आणि पोउनामु या हिरव्या दगडाची लेणी माओरी लोक वाकाहुइया नावाच्या कोरीव लाकडी पेटीत ठेवत. उत्तरेकडे तिचा चपटा, आयताकृती प्रकार पापाहोउ म्हणून ओळखला जाई. ही पिसे प्रमुखाने मस्तकी धारण केलेली, म्हणून ती तापू, म्हणजे पवित्र आणि इतरांच्या स्पर्शाला वर्ज्य. त्यामुळे पेटी घराच्या आढ्याला टांगलेली असे. खाली बसलेल्यांना तिचा तळच दिसणार, म्हणून कोरीवकाम तळावरही तितक्याच निगुतीने केलेले असे. वस्तू आत दडलेली आणि पाहण्याजोगे काय, तर तिचे घर! हुइया पक्षी 1907 नंतर खात्रीने कोणाला दिसलेला नाही. पेट्या संग्रहालयांत गेल्या आणि आज काचेच्या कपाटात ठेवलेल्या आढळतात.

काचेचे कपाट युरोपीय वसाहतीबरोबर आले. ऑकलंडचे संग्रहालय 1852 मध्ये सुरू झाले आणि वेलिंग्टनचे ‘कलोनियल म्युझियम’ जेम्स हेक्टर यांच्या देखरेखीखाली 1865 मध्ये. क्राइस्टचर्चच्या संग्रहालयामागे युलियुस फॉन हास्ट हे भूगर्भशास्त्रज्ञ होते. सुतारकामाची उंची मात्र एका बोहेमियन कारागिराने दाखवली. अँटन सॉयफर्ट 1859 मध्ये ऑकलंडला आले आणि स्थानिक झाडांच्या वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाचे पातळ तुकडे जोडून चित्रमय कपाटे घडवू लागले. त्यांचे एक लेखन-कपाट 1862 च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडले गेले आणि ऑकलंडकरांनी ते व्हिक्टोरिया राणीला भेट दिले. वाकाहुइयाप्रमाणे इथेही कपाट हीच प्रेक्षणीय वस्तू होती. घरगुती शोकेसने हा मान पुढे आतल्या वस्तूला देऊन टाकला.

विसाव्या शतकातल्या दिवाणखान्यात शोकेस म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचे कपाट. आयातीवर 1938 पासून कडक निर्बंध आले. त्या आडोशाने ऑकलंडच्या न्यू लिन भागातला, मुळात विटा आणि नळ भाजणारा उद्योग कपबश्यांकडे वळला आणि ‘क्राउन लिन’ हे नाव घरोघरी पोचले. संरक्षण उठले, स्वस्त आयात आली आणि 1989 मध्ये कारखाना बंद पडला. त्यानंतर त्याची रोजच्या वापरातली भांडी आणि विशेषतः पांढऱ्या हंसाच्या आकाराच्या फुलदाण्या संग्राहकांच्या वस्तू झाल्या.

पुतळ्यांची लाट वेलिंग्टनहून आली. रिचर्ड टेलर आणि टानिया रॉजर यांनी 1987 मध्ये सुरू केलेल्या कार्यशाळेतून पुढे ‘वेटा वर्कशॉप’ उभी राहिली. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची चित्रपटत्रयी 2001 ते 2003 या काळात पडद्यावर आली, तेव्हा चित्रपटाची चिलखते आणि राक्षस घडवणाऱ्या याच शिल्पकारांनी पात्रांचे छोटे पुतळे घडवले. ते अमेरिकेतल्या ‘साइडशो’ कंपनीच्या भागीदारीत जगभर विकले गेले. मिरामार उपनगरात 2008 मध्ये ‘वेटा केव्ह’ हे दुकान-प्रदर्शन उघडले आणि घरी आल्यावर हे सगळे ठेवायचे कुठे, हा प्रश्न अनेकांपुढे उभा राहिला.

प्रश्न खरा होता, कारण हे पुतळे प्लॅस्टिकच्या बाहुल्यांसारखे हलके नसतात. रेझिनमध्ये दगडाची पूड मिसळून ते ओततात. त्यामुळे हाताला दगडाचा थंड जडपणा लागतो, पण तलवारीचे टोक किंवा भाल्याची दांडी जराशा धक्क्याने तुटते. आकारही एकसारखे नाहीत. घोडेस्वाराला रुंदी लागते, जादूगाराला उंची. जगभरच्या संग्राहकांनी यासाठी आयकियाचे ‘डेटॉल्फ’ हे काचेचे उभे कपाट वापरले. आयकियाचे पहिले न्यूझीलंडमधले दुकान मात्र ऑकलंडच्या सिल्व्हिया पार्कमध्ये थेट 2025 च्या डिसेंबरात उघडले. तोवर बहुतेकांपुढे दोनच वाटा होत्या: महागडे तयार फर्निचर घ्या, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात जा.

दुकानात काय मिळते, यालाही इतिहास आहे. जुनी घरे रीमू, काउरी अशा देशी लाकडांची. सरकारी मालकीच्या जंगलांतली देशी झाडांची तोड 2002 मध्ये थांबली, म्हणून आज रीमू बहुतेक पाडलेल्या घरांतून मिळते. ते घट्ट, तांबूस, सुंदर असते, पण रंधा मारण्याआधी जुने खिळे शोधून काढावे लागतात. बाकी राज्य रेडिएटा पाइनचे. मूळ कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे हे झाड इथे एकोणिसाव्या शतकात आले, विसाव्या शतकात त्याची प्रचंड लागवड झाली आणि आज लागवडीखालच्या वनांपैकी सुमारे 90 टक्के वने त्याचीच आहेत. याच पाइनच्या तंतूंपासून 1970 च्या दशकात कँटरबरीत एमडीएफ बनू लागले. त्याच्या ‘कस्टमवुड’ या व्यापारी नावाने इथले लोक आजही एमडीएफ मागतात. कुंपणासाठीचे, आर्सेनिकयुक्त द्रावण मुरवलेले पाइन तेवढे घरातल्या कपाटाला वापरायचे नसते; त्याचे तुकडे जाळणेही घातक.

एमडीएफ गुळगुळीत आणि स्वस्त असते, पण ओझ्याखाली हळूहळू वाकते आणि वाकलेले पुन्हा सरळ होत नाही. मधोमध ठेवलेल्या वजनाने फळीला येणारा बाक आधारांमधल्या अंतराच्या घनाप्रमाणे वाढतो. अंतर दुप्पट केले तर बाक आठपट. जाडीचा नियम याच्या उलट आहे, जाडी दुप्पट केली की बाक आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून जाणकार अंतर कमी ठेवतात आणि फळीच्या पुढच्या कडेला पाइनची उभी पट्टी चिकटवतात. पट्टीने फळी ताठ राहते आणि एमडीएफची उघडी कडही झाकली जाते. शिवाय एमडीएफमधल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो आणि लाकडातून सेंद्रिय आम्ले. बंद कपाटात त्यांचा त्रास रेझिनपेक्षा धातूला, त्यातही शिशाच्या जुन्या सैनिकांना जास्त होतो. त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी 1973 मध्ये सुचवलेली चाचणी अशाच कपाटांसाठी होती: कपाटाच्या सामानाचा तुकडा आणि धातूचे तुकडे एकत्र बंद करून तापवायचे आणि धातू किती गंजतो ते पाहायचे. घरी एवढे कोणी करत नाही. सगळ्या बाजू रंगाने नीट बंद करून काही आठवडे कपाट उघडे ठेवले तरी बरेच साधते.

या सगळ्यावर वरचढ ठरली ती जमीन. 1848 आणि 1855 च्या भूकंपांत वेलिंग्टनच्या विटांच्या इमारती कोसळल्या आणि शहर लाकडाकडे वळले. 1931 मध्ये हॉक्स बेच्या भूकंपाने 256 बळी घेतले. 22 फेब्रुवारी 2011 ला क्राइस्टचर्चमध्ये 185 माणसे गेली. मोठ्या दुःखाच्या मागे घरोघरचे छोटे दुःखही होते: कपाटे पालथी पडून पिढ्यांची भांडी फुटली. ‘क्रॅक्ड फॉर क्राइस्टचर्च’ या गटाने लोकांकडून ते तुकडे गोळा करून त्यांची मोझाइक आरामखुर्ची केली. 2016 च्या नोव्हेंबरात काइकोउराचा 7.8 तीव्रतेचा धक्का वेलिंग्टनपर्यंत जाणवला.

इमारतींसाठी या देशाने शोधलेला उपाय जगाने उचलला. बिल रॉबिन्सन यांनी 1970 च्या दशकात रबर आणि पोलादाच्या थरांमध्ये शिशाचा गाभा घालून पायाखालचा आधार तयार केला. धक्क्याची ऊर्जा शिसे शोषते आणि वरची इमारत सावकाश झुलते. वेलिंग्टनची विल्यम क्लेटन इमारत 1981 मध्ये अशा आधारांवर उभी राहिली, आणि 1998 मध्ये उघडलेले ‘ते पापा’ हे राष्ट्रीय संग्रहालयही.

घरच्या शोकेसला एवढा थाट परवडत नाही. तिने उलटा मार्ग धरला, झुलण्याऐवजी भिंतीला चिकटून राहण्याचा. त्यातही खोच आहे. इथल्या भिंती म्हणजे लाकडी खांबांवर ठोकलेले जिप्समचे तक्ते. नुसत्या तक्त्यात मारलेला स्क्रू धक्क्यासरशी निघून येतो, म्हणून टकटक करून किंवा चुंबकाने खिळे हुडकून आतला खांब शोधावा लागतो आणि कपाटाचा वरचा भाग त्याला बांधावा लागतो. चुंबकी कडी हादऱ्याने उघडते, तिथे खटक्याची कडी बरी. जड पुतळे तळच्या कप्प्यात, फळीच्या कडेला बारीक पट्टी आणि प्रत्येक बैठकीखाली संग्रहालयी मेणाचे चार ठिपके. पुतळ्याला पीळ देऊन उचलले की हे मेण सुटते, डाग मागे राहत नाही.

काच टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली घेतात, कारण ती फुटलीच तर तिचे बोथट तुकडे होतात. पण भट्टीतून निघाल्यावर ती कापता येत नाही. मापे आणि बिजागऱ्यांची भोके आधीच ठरवून द्यावी लागतात, आणि हौशी सुताराचा मिलिमीटरचा आळस इथे उघडा पडतो. खिडकीतले ऊन रेझिनला पिवळे करते, म्हणून कपाट उन्हापासून दूर ठेवून आत 12 व्होल्टची एलईडी पट्टी लावतात आणि तिचा तापणारा ट्रान्सफॉर्मर बाहेर.

भारतातून आलेल्या कुटुंबांच्या शोकेसमध्ये याच पट्टीखाली पितळी गणपती किंवा चंदनी कोरीव मूर्ती असते. लाकडी वस्तू देशात आणताना विमानतळावर घोषित करावी लागते. किडीची भोके किंवा साल आढळली, तर ती प्रक्रियेसाठी ठेवून घेतली जाऊ शकते, परत पाठवली किंवा नष्टही केली जाऊ शकते. पितळी मूर्तीला ही अडचण नाही. तिचे वजन मात्र रेझिनहून कितीतरी जास्त, म्हणून तिची जागा सर्वांत खालच्या, सर्वांत जाड फळीवर.