मुक्त आज्ञावलींचा इतिहास : चित्रसंपादन आणि अनुदिनीलेखन

इंग्रजीतील ‘फ्री’ ह्या शब्दाने मुक्त आज्ञावलींच्या चळवळीचे जेवढे नुकसान केले, तेवढे तिच्या प्रतिपक्षानेही केले नसेल. किंमत नसणे आणि बंधन नसणे हे दोन अगदी वेगळे अर्थ तो एकच शब्द वाहतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ च्या सप्टेंबरात ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली तेव्हापासून आपल्याला दुसरा अर्थ अभिप्रेत आहे, पहिला नव्हे, हे त्यांना वारंवार सांगावे लागले आहे. मराठीला ही अडचण नाही. आपल्याकडे ‘फुकट’ आहे, फारसीच्या वाटेने आलेला ‘मोफत’ आहे आणि ‘मुक्त’ आहे. तिघांची क्षेत्रे निरनिराळी आहेत आणि सहसा कोणी त्यांची अदलाबदल करीत नाही. ‘फुकट’ ह्या शब्दाला तर ‘व्यर्थ’ अशीही एक छटा आहे. ती प्रस्तुत विषयात पुढे उपयोगी पडेल.

तथापि मराठीने एका ठिकाणी जे कमावले ते दुसऱ्या ठिकाणी गमावले आहे. १९९८ च्या फेब्रुवारीत क्रिस्टीन पीटरसन यांनी ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा सुचविली ती मुळी ‘फ्री’ ह्या शब्दाचा घोटाळा टाळण्यासाठी. ती स्वीकारणाऱ्यांनी व्यवहारातील सोयीवर भर दिला; स्टॉलमन यांनी ती नाकारली, कारण स्वातंत्र्याचा प्रश्न तीत झाकला जातो असे त्यांना वाटले. मराठीत मात्र ह्या संज्ञेचे भाषांतर ‘मुक्त स्रोत’ असे रूढ झाले. परिणाम असा की, इंग्रजीत जे दोन पक्ष एकमेकांशी वाद घालतात ते मराठीत एकाच विशेषणाच्या छपराखाली नांदतात. ‘उघडा’ आणि ‘मुक्त’ ह्यांतील भेद आपल्या परिभाषेत उतरलाच नाही.

सामान्य मनुष्याच्या नित्याच्या उपयोगातील दोन कामे येथे विचारार्थ घेतली आहेत : छायाचित्रांवर संस्कार करणे आणि अनुदिनी लिहिणे. ह्या क्षेत्रांतील मुक्त आज्ञावलींकडे ‘महागड्या वस्तूंचे स्वस्त पर्याय’ ह्या दृष्टीने पाहण्याचा प्रघात आहे. आमच्या मते ही दृष्टी इतिहासाला धरून नाही. दोन्ही क्षेत्रांत निर्णायक ठरला तो दुसऱ्याने टाकून दिलेले काम परवानगीवाचून पुढे चालविण्याचा अधिकार. किमतीचा भाग दुय्यम होता.

‘फोटोशॉप’ची पहिली आवृत्ती १९९० च्या फेब्रुवारीत ‘अडोबी’ कंपनीने बाजारात आणली. तिचे मूळ कर्ते टॉमस व जॉन नोल हे बंधू. त्यानंतर पाच वर्षांनी, १९९५ मध्ये, बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस ह्या दोन विद्यार्थ्यांनी ‘गिंप’ लिहावयास घेतली. ती १९९६ च्या आरंभी लोकांच्या हाती आली. विद्यार्थ्यांच्या ज्या संगणक-मंडळात हे दोघे वावरत, त्या मंडळाच्या नावाची आद्याक्षरे गिंपच्या चित्रफायलीच्या ‘एक्ससीएफ’ ह्या प्रत्ययात आजही टिकून आहेत. लिनक्सचे बोधचिन्ह झालेले पेंग्विन पक्ष्याचे चित्र लॅरी यूइंग यांनी त्याच वर्षी ह्याच आज्ञावलीत काढले.

पहिल्या आवृत्तीत एक मोठे वैगुण्य होते. तिच्या खिडक्या व कळी ‘मोटिफ’ नावाच्या उपकरणसंचावर उभ्या होत्या आणि तो संच मुक्त नव्हता. म्हणजे घर स्वतःचे, पण पाया दुसऱ्याच्या जमिनीत. हे परावलंबन दूर करण्यासाठी कर्त्यांनी स्वतःचाच उपकरणसंच लिहिला. तो ‘जीटीके’ होय. चित्रसंपादकाच्या पोटी जन्मलेल्या ह्या संचावर पुढे १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना यांनी आरंभिलेल्या ‘ग्नोम’ ह्या संपूर्ण पटलाची उभारणी झाली. मुलाच्या खोलीसाठी आणलेल्या विटांतून गाव वसावे, तसाच हा प्रकार म्हणावयास हवा. ह्याच सुमारास गिंपच्या आद्याक्षरांतील ‘जनरल’ हा शब्द, स्टॉलमन यांच्या संमतीने, ‘ग्नू’ने बदलला.

विद्यापीठाबाहेर पडून नोकरीस लागल्यावर दोन्ही मूळ कर्त्यांनी हे काम सोडले. खाजगी मालकीची आज्ञावली असती तर तिचा इतिहास येथेच संपला असता. परंतु ‘ग्नू’च्या सार्वजनिक परवान्यान्वये (त्याची पहिली आवृत्ती १९८९ ची) मूळ संहिता वाचण्याचा, बदलण्याचा व बदललेली वाटण्याचा अधिकार प्रत्येकास होता. इतरांनी काम हाती घेतले आणि १९९८ च्या जूनमध्ये १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली.

पुढील वाटचाल फार मंद होती आणि हे मान्य न करणे म्हणजे इतिहासाऐवजी स्तुतिपाठ लिहिणे होय. रंगांची अधिक सूक्ष्म प्रतवारी चित्रपटाच्या कामाला अवश्य असते. तिच्यासाठी १९९८ च्या सुमारास ‘फिल्म गिंप’ ही शाखा फुटली, तिचेच पुढे ‘सिनेपेंट’ झाले. तीच सोय मूळ गिंपमध्ये २०१८ च्या २.१० ह्या आवृत्तीत आली. वीस वर्षे हा अवधी थोडा नव्हे. सर्व खिडक्या एका चौकटीत मांडण्याची साधी सोय २०१२ पर्यंत नव्हती. मूळ चित्र न मोडता संस्कार लावण्याची व ते नंतर बदलण्याची पद्धत १६ मार्च २०२५ रोजी निघालेल्या ३.० ह्या आवृत्तीने आणली. छापखान्यास लागणाऱ्या चार शाईंच्या रंगपद्धतीबाबत तर ही आज्ञावली दीर्घकाळ दुबळीच राहिली. आमच्याकडील जाहिरात व मुद्रण व्यवसायाने तिच्याकडे पाठ फिरविली, त्यात आश्चर्य नाही. छायाचित्रकाराच्या दृष्टीने ‘डार्कटेबल’ ही २००९ पासूनची आज्ञावली कच्च्या छायाचित्रांसाठी अधिक सोयीची ठरली, एवढा निर्देश येथे पुरे.

नावाचा प्रश्नही उद्भवला. इंग्रजीत ‘गिंप’ हा शब्द लंगडणाऱ्या मनुष्यास हिणवण्यासाठी वापरतात. नाव बदलण्याची मागणी मान्य न झाल्यामुळे २०१९ मध्ये काहींनी ‘ग्लिंप्स’ ह्या नावाने वेगळी शाखा काढली; ती २०२१ मध्ये थांबली. मराठी कानाला ह्या नावात काहीच बोचत नाही. परकी नावे आपण अर्थ गाळूनच उसनी घेतो.

आता आमच्या भाषेशी प्रत्यक्ष संबंध असलेल्या भागाकडे वळू. चित्रावर अक्षरे घालणे हे घरगुती चित्रसंपादनातील सर्वांत नेहमीचे काम : लग्नपत्रिका, वाढदिवसाच्या शुभेच्छा, व्याख्यानाची सूचना. रोमन लिपीत ते सोपे आहे, कारण तेथे अक्षरामागून अक्षर ठेवले की झाले. देवनागरीत मात्र क्रम, जोडणी व स्थान ह्यांचे नियम लागतात. ते जाणणारे स्वतंत्र यंत्र आज्ञावलीच्या पोटात असावे लागते. असे यंत्र नव्हते त्या काळी आमच्याकडील व्यावसायिकांनी खाजगी टंकांचा मार्ग पत्करला. इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवावयाचे आणि ते डोळ्यांना जुळल्यासारखे दिसावेत एवढेच पाहावयाचे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही हा मार्ग पुढे अनेक वर्षे चालू राहिला. अशा रीतीने लिहिलेला मजकूर तो विशिष्ट टंक नसेल तर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रास होऊन बसतो.

गिंपच्या २००४ मधील २.० ह्या आवृत्तीने अक्षरे घालण्याचे काम ‘पँगो’कडे सोपविले. हे नाव भाषाभ्यासकास रंजक वाटेल. ग्रीक ‘पॅन’, म्हणजे सर्व, आणि जपानी ‘गो’, म्हणजे भाषा, यांचा हा संकर आहे. पँगोच्या पोटातील अक्षरजुळणीचे यंत्र पुढे ‘हार्फबझ’ ह्या नावाने स्वतंत्र झाले. त्याचे प्रमुख कर्ते इराणमध्ये जन्मलेले बेहदाद इस्फाहबोद असून हे नाव फारसी आहे : ‘हर्फ’ म्हणजे अक्षर व ‘बाज’ म्हणजे उघडे.

ह्या यंत्राची कसोटी पाहावयाची तर मराठीइतके चांगले साधन विरळा. आपल्याकडे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द आहेत, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही दोन रूपे आहेत. पहिल्या जोडीत समुद्र व डोंगरांमधील खोलगट प्रदेश, तर दुसरीत गुरुजन व स्वयंपाकी असा भेद आहे. उच्चारात तो मागील अक्षरावर पडणाऱ्या आघाताचा. लेखनात तो रफार आणि पुढील व्यंजनाला लहानशा आडव्या कोरीने जोडला जाणारा ‘र’ ह्यांमधला. हिंदीला ह्या कोरीची गरज नाही, म्हणून हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या साधनांत ती हमखास निसटते. १९९६ च्या युनिकोड २.० मध्ये ही कोर मिळविण्यासाठी र, हलन्त आणि शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक असा क्रम सांगितला होता. पुढे ‘ऱ’ ह्या स्वतंत्र वर्णानंतर हलन्त हा क्रम मान्य झाला. जुनाही वैध ठेवला गेला. दोन्ही कागदावर सारखेच दिसतात. शोधयंत्राने मुद्दाम तजवीज केली नसेल, तर संगणकाच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द आहेत.

संहिता उघडी असल्याने अशा दोषांवर बोट ठेवता येते आणि ते दुरुस्तही करता येतात. ग्राहकसंख्येचे गणित पाहणाऱ्या कंपनीला मराठीच्या एका कोरीसाठी श्रम घेण्याचे कारण नसते. येथे एक विलक्षण गोष्ट नमूद केली पाहिजे. हेच हार्फबझ यंत्र पुढे अडोबीने आपल्या फोटोशॉप, इलस्ट्रेटर व इनडिझाइन ह्या विक्रीच्या आज्ञावलींत बसविले. त्याचा परवाना ग्नूच्या परवान्याहून सैल असल्याने तसे करण्यास आडकाठी नव्हती. तेव्हा पर्याय कोणाचा आणि मूळ कोणते, असा प्रश्न विचारावयास हरकत नाही. टंकांच्या बाबतीतही असेच घडले : रेड हॅटचा ‘लोहित’ आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळाचा ‘मुक्त’ हे मुक्त परवान्याखालील देवनागरी टंक आज कोणत्याही आज्ञावलीत वापरता येतात.

‘फुकट’ आणि ‘मुक्त’ ह्यांतील भेद अनुदिनीच्या इतिहासात अधिकच ठळक दिसतो. (इंग्रजी ‘ब्लॉग’ला मराठीत ‘अनुदिनी’ व ‘जालनिशी’ असे दोन प्रतिशब्द निघाले, बोलण्यात मात्र ‘ब्लॉग’च राहिला.) २००१ मध्ये मिशेल वाल्द्रिगी यांनी ‘बी-टू’ ही आज्ञावली ग्नूच्या परवान्याखाली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी बेन व मीना ट्रॉट ह्या दांपत्याची ‘मूव्हेबल टाइप’ निघाली. ही दुसरी अधिक सुबक होती, अधिक लोकप्रिय होती आणि खाजगी वापरास फुकट होती. पण मुक्त नव्हती.

पुढे दोन्हींवर संकट आले. वाल्द्रिगी यांनी बी-टूचे काम सोडले आणि ते दिसेनासे झाले. १९ वर्षांचे मॅट मलनवेग यांनी २४ जानेवारी २००३ रोजी आपल्या अनुदिनीत ही अडचण मांडून, परवाना अनुमती देतो तर हेच काम पुढे का नेऊ नये, असा विचार व्यक्त केला. इंग्लंडमधील माइक लिटल यांनी त्यास प्रतिसाद दिला आणि २७ मे २००३ रोजी ‘वर्डप्रेस’ची पहिली आवृत्ती निघाली. परत आल्यावर वाल्द्रिगी यांनी तिलाच आपली उत्तराधिकारी मानले. पुढच्या वर्षी, २००४ च्या मे महिन्यात, मूव्हेबल टाइपच्या ३.० ह्या आवृत्तीबरोबर लेखक व अनुदिन्या यांच्या संख्येनुसार शुल्काचे नवे नियम आले. वापरणारे संतापले. परंतु संतापापलीकडे त्यांच्या हाती एकच उपाय होता, तो म्हणजे घर सोडून जाणे. आणि त्यांतील कितीएक वर्डप्रेसकडे गेले. मूव्हेबल टाइप २००७ मध्ये मुक्त परवान्याखाली आली, परंतु तोवर वेळ निघून गेली होती.

छायाचित्रांच्या क्षेत्रात ‘पिकासा’चे उदाहरण ह्याच जातीचे आहे. २००४ मध्ये गूगलने ती विकत घेतली व फुकट वाटली. सोपी असल्याने ती घरोघर पोचली. २०१६ मध्ये गूगलने ती बंद केली. ती पुढे चालविण्याची इच्छा व कुवत असणारे कोणी असतीलही, पण मूळ संहिता बंद असल्याने बी-टूला मिळाले तसे वारस तिला मिळू शकले नाहीत. ‘फुकट गेले’ ह्या मराठी प्रयोगाचा अर्थ येथे अक्षरशः लागू पडतो.

तथापि परवाना सर्वच गोष्टींचे रक्षण करीत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात मलनवेग आणि ‘डब्ल्यूपी इंजिन’ ही अनुदिन्यांना जागा पुरविणारी कंपनी यांच्यात उघड कलह झाला. कंपनीस वर्डप्रेसच्या मध्यवर्ती भांडारातून पूरक आज्ञावली व सुधारणा मिळेनाशा झाल्या. २ ऑक्टोबरला कंपनीने दावा दाखल केला. त्याच महिन्यात भांडारातील तिच्या एका प्रसिद्ध पूरक आज्ञावलीचा ताबाही घेण्यात आला. १० डिसेंबर २०२४ रोजी कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने कंपनीच्या बाजूने तात्पुरता मनाई हुकूम दिला. संहिता ह्या सर्व काळात मुक्तच होती. वाद होता तो नाममुद्रेचा आणि भांडाराच्या किल्ल्यांचा, ज्यांविषयी ग्नूचा परवाना फारसे काही सांगत नाही.

वर्डप्रेसमध्ये आपले सारे लेखन एका फायलीत बांधून अन्यत्र नेण्याची सोय आहे. मराठी अनुदिन्यांचे असे गाठोडे सोडून भाषिक सामग्री म्हणून वापरणाऱ्या संशोधकास ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन रूपांत सापडेल, एकात अदृश्य जोडक व दुसऱ्यात ‘ऱ’. शब्दांची वारंवारता मोजण्यापूर्वी ही दोन्ही रूपे एक करून घ्यावी लागतात. मात्र तसे करताना ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एक होऊन जाणार नाहीत, इकडे लक्ष ठेवावे लागते.