वर्गणीवर चाललेली चित्रपट समीक्षा

वर्तमानपत्रात चित्रपटाचं परीक्षण आणि त्याच चित्रपटाची जाहिरात शेजारी नांदतात. म्हणून समीक्षेचा खर्च कोण उचलतं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी १९४७ साली कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली. त्याच वाटेने १९६८ साली मुंबईत सुधीर नांदगावकर, दिनकर गांगल आदींनी ‘प्रभात चित्र मंडळ’ उभं केलं. सभासदांच्या वर्गणीतून जगभरचे चित्रपट दाखवायचे आणि त्यांवर चर्चा करायची. मंडळाच्या ‘वास्तव रूपवाणी’ने त्या चर्चेला छापील जागा दिली. निर्माता रागावला तरी इथे बिघडत नव्हतं. सभासद मात्र टिकवावे लागत. आज इंटरनेटवर छपाईचा खर्च उरलेला नाही, पण लिहिणाऱ्याला पोट आहेच. त्याची वर्गणी आपण भरतो का?