सदर, शाकारणी आणि दप्तर

घर आणि कचेरी यांच्यामध्यें आज जी भिंत उभी दिसते, ती महाराष्ट्राच्या इतिहासांत फारशी जुनी नाहीं. घड्याळाकडे पाहत घराबाहेर पडणारा चाकरमानी ही इंग्रजी अमदानीची निर्मिति होय. त्यापूर्वीं गांवचा कुलकर्णी, परगण्याचा देशपांडे, पेठेंतील सावकार हे सारे आपापल्या घरींच लिहिण्याचें काम करीत. इ. स. २०२० च्या साथींत शहरांतील असंख्य कुटुंबांनीं घराच्या एका कोपऱ्यांत मेज मांडून कचेरी थाटली, तेव्हां ती गोष्ट पुष्कळांस अगदीं अपूर्व वाटली. वस्तुतः ती एका जुन्या वहिवाटीची पुनरावृत्ति होती. ती वहिवाट कशी होती, आणि तिच्यावर केवढी मोठी गोष्ट अवलंबून राहिली, हें पाहण्यासारखें आहे.

वाड्याच्या दिंडींतून आंत शिरलें कीं चौक लागे, आणि चौकाच्या कडेला उंच जोत्यावर सदर असे. ही जागा मोठ्या विचारानें निवडलेली होती. आल्यागेल्या कुळास माजघराकडे न जातां तेथवर येतां येई. चौकांतून दिवसभर उजेड मिळे, परंतु भर दुपारचें ऊन्ह लिहिणाराच्या डोळ्यांवर येत नसे. जमिनीवर जाजम, त्यावर गादी, पाठीशीं लोड आणि कुशीला तक्क्या, अशी बैठक असे. कारकून एक गुडघा उभा करून त्यावर कागद धरी आणि मोडी अक्षर झरझर ओढीत जाई. जवळ कलमदान, त्यांत बोरू, चाकू व दौत. शेजारीं बारीक वाळूची डबी. ओल्या अक्षरांवर ती वाळू भुरभुरली कीं शाई टिपली जाई. कागद जुन्नरचा किंवा दौलताबादेचा. लिहून झालेले कागद चौकोनी फडक्यांत बांधून भिंतींतल्या फडताळांत ठेवीत. त्या फडक्यास रुमाल म्हणत. पुण्याच्या दप्तरखान्यांत जुन्या कागदांची मोजदाद अद्यापि रुमालांनींच होते.

बैठक एकच असली तरी ऋतूप्रमाणें तिची मांडणी बदले. उन्हाळ्यांत संपन्न घरीं सदरेच्या कमानींस वाळ्याचे पडदे सोडून त्यांवर पाणी शिंपडीत. वाऱ्याची झुळूक त्यांतून गार होऊन येई. पावसाळ्यांत कोंकणांतील ओटीपुढें नारळीच्या झापांचा किंवा गवताचा आडोसा बांधीत, म्हणजे पावसाची झड आंत येत नसे. थंडींत बैठक सकाळच्या कोवळ्या उन्हाकडे सरके. खर्च थोडा, परंतु त्यामागें पिढ्यान् पिढ्यांचें निरीक्षण होतें.

परंतु सुखाच्या बैठकीपेक्षां कठीण काम होतें तें घर राखण्याचें. कागदाचे वैरी चार: पाणी, वाळवी, उंदीर आणि आग. यांपैकीं पाणी सर्वांत घातक. आणि याचें कारण त्या काळच्या शाईंत आहे. ती काजळ आणि डिंक घोटून केलेली असे. काजळ उन्हानें विटत नाहीं. म्हणूनच तीनशें वर्षांपूर्वींचें अक्षर आजहि काळेंभोर दिसतें. परंतु डिंक पाण्यांत विरघळतो. छपरांतून पडणारा एक थेंब तासाभरांत सबंध ओळ पुसून टाकूं शकतो. त्या ओळींत कदाचित् एखाद्याच्या वतनाचा पुरावा असेल, कदाचित् फेडलेल्या कर्जाची नोंद असेल!

यास्तव रोहिणी लागतांच घरोघर लगबग सुरू होई. कोंकणांत व मावळांत शाकारणी करीत. गवताचें छप्पर असल्यास कुजलेलें गवत काढून नवें घालावयाचें. नळीचीं कौलें असल्यास तीं चाळून फुटकीं बदलावयाचीं. हीं कौलें नुसतीं एकावर एक रचलेलीं असत. वानर, मांजरें आणि वारा यांनीं तीं वर्षभरांत सरकत, त्यामुळें एकहि वर्ष चुकवून चालत नसे. खाचांत बसणारीं मंगळुरी कौलें आलीं तीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. देशावर घरांना मातीचें माळवद. त्यावर पांढरी माती पसरून ती चोपीत, कारण ती भिजली कीं घट्ट बसते आणि पाणी खालीं उतरूं देत नाहीं. पन्हळी साफ करावयाच्या, भिंतीच्या सांध्यांत रुजलेलें पिंपळाचें रोप मुळासकट उपटावयाचें, खांबांच्या बुडाशीं वाळवीची माती दिसते काय तें पाहावयाचें. आणि त्याच दिवसांत रुमाल सोडून कागद उन्हांत हालवावयाचे व वेखंडाचे तुकडे घालून पुन्हां बांधावयाचे. पाऊस सरल्यावर दसऱ्याच्या सुमारास भिंतींस चुना लागे, जमीन सारवली जाई, आणि मग दौत-लेखणीची पूजा होई.

ही दक्षता घरापुरतीच नव्हती. राज्यकर्त्यांनींहि ती कर्तव्य म्हणून सांगितली होती. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दशकांतलें, चिपळुणाजवळच्या छावणीस पावसाळ्याच्या तोंडीं धाडलेलें पत्र प्रसिद्ध आहे. जळता दिवा ठेवून निजलें आणि उंदरानें वात ओढून नेली, तर गवताची गंज पेटून सारी छावणी कशी बुडेल, हें त्यांत कारकुनांस बजावलें आहे. इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या हातून सिद्ध झालेल्या आज्ञापत्रांत, तटांत वाढणारीं झाडें वेळोवेळीं तोडावीं व कोठारांतील दारूस वरचेवर ऊन्ह द्यावें, अशी ताकीद आहे. छत्रपतींचें लक्ष दिव्याच्या वातीपर्यंत जात होतें. मग गृहस्थानें आपल्या पन्हळीकडे पाहण्यांत कमीपणा तो कसला?

पुण्याच्या हुजूरदप्तराची कथा याच न्यायाची साक्ष देते. थोरल्या माधवरावांच्या काळापासून नाना फडणीसांच्या हयातीपर्यंत तें दप्तर शिस्तीनें राखलें गेलें. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत त्याकडे दुर्लक्ष झालें, कारकून कमी झाले आणि कागदांची आबाळ झाली. इ. स. १८१८ मध्यें राज्य गेलें, आणि दप्तर इंग्रजांच्या ताब्यांत जाऊन त्यांनीं तें आपल्या उपयोगासाठीं लावून घेतलें. पुढें पुण्यांत त्यासाठीं स्वतंत्र इमारत झाली. तीस हजारांहून अधिक रुमालांच्या त्या संग्रहांतून गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं निवडलेले कागद इ. स. १९३० ते १९३४ या काळांत ४५ भागांत छापून निघाले.

परंतु सरकारी दप्तरापलीकडे जें होतें, तें सरदारांच्या, मुत्सद्द्यांच्या व कारकुनांच्या घरांतच होतें. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे तें शोधीत गांवोगांव पायपीट करीत हिंडले. इ. स. १८९८ मध्यें त्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. १७५० ते १७६१ या वर्षांतील, म्हणजे पानिपतापर्यंतच्या राजकारणाचीं पत्रें त्यांत आहेत, आणि तीं वाईच्या एका घरांत सांपडलीं. आज पानिपताची हकीकत ज्यांच्या आधारें लिहिली जाते, त्या पत्रांवर सव्वाशेंहून अधिक पावसाळे एका घराचें छप्पर टिकून होतें! ज्या घरीं माळ्यावरची गळती कोणी पाहिली नाहीं, तेथें राजवाड्यांस वाळवीनें पोखरलेले गठ्ठे मिळाले. त्या गठ्ठ्यांत काय होतें, हें आतां कोणासहि कळण्याचा मार्ग उरलेला नाहीं. इ. स. १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, तें अशा कागदांस सुरक्षित छप्पर मिळावें या तळमळीनेंच.

शिडीवर चढून कौलें चाळणाऱ्या त्या गृहस्थांस आपण इतिहास राखीत आहों, अशी कल्पनाहि नसेल. पाऊस जवळ आला, एवढेंच त्यांस ठाऊक होतें. आज सदरेच्या जागीं मेज-खुर्ची आली आणि बोरूच्या जागीं यंत्र आलें. तथापि बहुतेक घरांत एखादी जुनी पेटी असते, आणि तींत आजोबांचीं पत्रें, जमिनीचे कागद, एखादी खातेवही असते. मृग प्रतिवर्षीं जून महिन्यांत लागतो. त्यापूर्वीं एक सकाळ त्या पेटीसाठीं आणि तिच्यावरच्या छपरासाठीं काढावी, हा धडा त्या जुन्या गृहस्थांनीं एक अक्षरहि न लिहितां घालून दिला आहे.