नवं मॉडेल कधी येणार?

रविवारी सकाळी लोहगडवाडीत गेलात, तर गडाच्या आधी गाड्या दिसतात. भाज्याकडून चढून आलेला रस्ता गायमुख खिंडीत पोचतो. एका अंगाला लोहगड, दुसऱ्या अंगाला विसापूर, आणि पायथ्याला वाडी. मुंबई-पुण्याची मंडळी गाड्या लावून गडावर जातात, उतरल्यावर पिठलं-भाकरी खातात आणि संध्याकाळी परततात. वाडीतल्या कित्येक घरांची आठवड्याची कमाई या एका दिवसावर असते.

गेल्या पावसाळ्यात मी तिथल्या एका चहाच्या टपरीवर बसलो होतो. धुकं इतकं दाट, की वळणावरून येणाऱ्या गाडीचे नुसते दिवे दिसायचे. टपरीवाल्याची पोरं एक खेळ खेळत होती. दिवे दिसले की गाडीचं नाव सांगायचं, आणि नुसतं नाव सांगून भागायचं नाही, मॉडेल जुनं की नवं तेही सांगायचं. दहापैकी नऊ वेळा पोरं बरोबर! त्यांतला सहावीतला एक जण माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, तुम्ही पेपरात लिहिता ना? मग सांगा, या गाडीचं नवं मॉडेल कधी येणार?"

मी पडलो कवी माणूस. मला पुढच्या कवितेची तारीख सांगता येत नाही, तर गाडीची कुठून सांगणार? पण प्रश्न मनात राहिला. त्या मुलाच्या वयाचा असताना मी गाड्यांमध्येच वाढलो, आणि हा प्रश्न मी कधी कुणाच्या तोंडून ऐकलाच नव्हता.

माझे अब्बा लोणावळ्याला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर एका गॅरेजात फिटर होते. खंडाळ्याचा घाट चढताना फियाट गाड्या उकळायच्या. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग आणि पाण्याचे डबे घेऊन धावणारे ड्रायव्हर, हे आमच्या लहानपणचं रोजचं चित्र. शिंग्रोबाला नाणं टाकून, एकदाचा घाट चढून गाडी गॅरेजात आली, की अब्बा आधी फॅनबेल्टला बोट लावायचे आणि मग रेडिएटरकडे वळायचे. डोळे मिटून ते कार्ब्युरेटर खोलत आणि जोडत. ते शक्य होतं, कारण त्यांनी तरुणपणी खोललेली गाडी आणि चाळिशीत खोललेली गाडी एकच होती. त्या काळी लोक विचारायचे, "नंबर कधी लागणार?" पैसे भरायचे आणि काही वर्षं वाट पाहायची. मॉडेल कुठलं हे विचारण्यात अर्थच नव्हता.

"नवं मॉडेल" ही कल्पना अमेरिकेतली. हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी गाडी १९०८ मध्ये आली आणि १९२७ पर्यंत चालली. या एकोणीस वर्षांत दीड कोटी गाड्या बनल्या. बराच काळ ती फक्त काळ्या रंगात मिळायची. गाडी टिकाऊ असावी, स्वस्त असावी, मग ती बदलायची कशाला, असा फोर्ड यांचा हिशेब होता. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी वेगळा हिशेब मांडला. ज्याच्याकडे गाडी आहे त्यालाच दुसरी विकायची असेल, तर पहिली त्याला जुनी वाटली पाहिजे. ती बिघडायची वाट कशाला पाहायची? दर वर्षी रूप बदला. १९२७ मध्ये त्यांनी हार्ले अर्ल या माणसाला बोलावून गाडीचं रूप आणि रंग ठरवणारं स्वतंत्र खातंच काढलं. आधी मातीची गाडी घडवायची, डोळ्यांना पटली की मग पोलादाची, ही पद्धत या अर्ल यांनी रूढ केली. त्याच वर्षी फोर्ड यांना मॉडेल टी बंद करावी लागली. नवी गाडी तयार होईपर्यंत कारखाने कित्येक महिने बंद राहिले आणि डेट्रॉइटमध्ये हजारो कामगार घरी बसले. नव्या मॉडेलच्या इतिहासाचं हे पहिलंच पान, आणि त्यावर कामगारांची रिकामी चूल आहे.

हीच जनरल मोटर्स १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला आली. लाकडी खोक्यांतून गाडीचे भाग जहाजानं यायचे आणि शिवडीत ते जोडून शेव्हर्ले गाड्या तयार व्हायच्या. म्हणजे मॉडेल तिकडचं, हात इकडचे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांना हे पुरेसं वाटत नव्हतं. गाडी इथंच बनली पाहिजे, या जिद्दीनं त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभारला. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये सरकारनं धोरण ठरवलं, की जे नुसती जोडणी करतील त्यांनी जावं, जे बनवतील त्यांनी राहावं. १९५४ मध्ये जनरल मोटर्स शिवडी सोडून गेली. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे आणि तेही आपल्या मावळात.

मग सुरू झाला न बदलणाऱ्या गाड्यांचा काळ. कुर्ल्याच्या पहिल्या फियाट अकराशेला तिच्या गोलाईमुळे लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. पुढे १९६४ च्या सुमाराला सरळ रेषांची फियाट आली, सत्तरच्या दशकात तिचं नाव 'पद्मिनी' झालं आणि २००० च्या आसपास ती बनायची थांबली. पस्तीस वर्षांत बदल म्हणाल तर जाळी, दिवे आणि नाव! तिकडे कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात अॅम्बेसेडरचं तेच. मार्क टू, मार्क थ्री, मार्क फोर असे आकडे वाढत गेले, गाडी तीच राहिली. ती २०१४ मध्ये थांबली. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली.

त्या काळाबद्दल लोक आता गहिवरून बोलतात. मी फिटरचा मुलगा आहे, मला दोन्ही बाजू ठाऊक आहेत. गाडी बदलत नव्हती म्हणून अब्बांचं कसब आयुष्यभर पुरलं आणि सुटे भाग कुठल्याही गावात मिळाले. पण गाडी बदलत नव्हती म्हणूनच ती त्याच घाटात पस्तीस वर्षं उकळत राहिली. गिऱ्हाईक रांगेत उभं असताना रेडिएटर सुधारण्याची कुणाला घाई असणार?

घाई आली ती १९८३ मध्ये, मारुती ८०० बरोबर. तीनच वर्षांत, १९८६ मध्ये तिचं रूप बदललं, आणि भारतीय माणसानं पहिल्यांदा म्हटलं, "जुनी मारुती" आणि "नवी मारुती". १९९३ मध्ये मोटारींवरचं परवान्याचं बंधन उठलं. १९९८ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात टाटांची इंडिका लोकांनी पाहिली, वर्षअखेरीस ती बाजारात आली. ती पिंपरीची लेक. तिच्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या निसानच्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रं सोडवून जहाजानं पुण्याला आणली होती. तिकडे एक मॉडेल संपलं, म्हणून इकडे एक जन्मलं. पहिल्या इंडिकाबद्दल तक्रारी आल्या, त्या कंपनीनं ऐकल्या आणि २००१ मध्ये व्ही-टू आणली. तीच खरी चालली. फेरबदल म्हणजे नुसती नटवानटवी नसते, चूक कबूल करण्याचाही तो एक मार्ग असतो, हे व्ही-टूनं दाखवलं.

आता थोडं त्या मुलाच्या खेळाबद्दल. नवं मॉडेल आणि बदललेलं रूप यांत फरक कसा ओळखायचा? दिव्यांवर जाऊ नका, दरवाजे आणि छप्पर पाहा. बंपर प्लॅस्टिकचा, तो साच्यात ओतला जातो. दिवे, जाळी, बंपर बदलणं त्या मानानं स्वस्त. दरवाजा पत्र्याचा. पत्र्याला आकार द्यायला पोलादाच्या भल्या मोठ्या डाय लागतात, त्या प्रेसमध्ये चढवतात आणि त्यांना कोट्यवधी रुपये पडतात. म्हणून गाडी बाजारात आली, की दोन-तीन वर्षांनी तिचा चेहरा उजळतात आणि पाच-सात वर्षांनी अंग बदलतात. रस्त्यावर काळ्या-पांढऱ्या नक्षीची झूल पांघरून एखादी अनोळखी गाडी धावताना दिसली, की समजावं, अंग बदललंय आणि ते अजून कुणाला दाखवायचं नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा भोसरीच्या एका टूलरूममध्ये काम करतो. डाय, जिग, फिक्श्चर हे त्याचं जग. एकदा एका कंपनीनं मॉडेल मध्येच रद्द केलं. अर्धवट घडवलेल्या डाय कित्येक महिने ताडपत्रीखाली गंजत पडल्या. टूलरूमच्या मालकाचे पैसे अडकले, भाच्याचा ओव्हरटाइम बुडाला. तो मला म्हणाला, "मामू, लोक ज्या गाडीची वाट बघतायत तिचा दरवाजा आमच्याकडे आहे, पण ती येणार नाही." रद्द झालेल्या मॉडेलची बातमी पेपरात चार ओळींची असते. ताडपत्रीखालच्या डायची बातमी होतच नाही.

आणि आता मावळाची गोष्ट. शिवडीहून गेलेली जनरल मोटर्स २००८ च्या सप्टेंबरात तळेगावला आली. नवलाख उंबऱ्याच्या माळावर वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार गाड्यांची क्षमता असलेला कारखाना उभा राहिला. आधी स्पार्क आली, २०१० मध्ये बीट. मावळातली पोरं आयटीआय करून तिथं लागली. २०१६ च्या प्रदर्शनात नव्या रूपातल्या बीटची झलक लोकांनी पाहिली, आणि सगळे वाट पाहू लागले. २०१७ च्या मे महिन्यात कंपनीनं जाहीर केलं, की वर्षअखेर भारतातली विक्री बंद.

पण कारखाना चालूच राहिला. नव्या रूपातली बीट तळेगावात बनली, स्टिअरिंग डाव्या बाजूला लावून बनली आणि जहाजानं मेक्सिकोला गेली. विचार करा, ज्या नव्या मॉडेलची इथं वाट पाहिली जात होती, ते मावळातल्याच हातांनी घडवलं आणि मावळातल्या रस्त्यावर ते विकत मिळालं नाही. २०२० च्या डिसेंबरात शेवटची गाडी बाहेर पडली. हजाराहून अधिक कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, संघटना न्यायालयात गेली, लढा लांबला. चीनची ग्रेट वॉल मोटर्स कारखाना घेणार होती. २०२० च्या जूनमध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करारही झाला. त्याच सुमारास गलवानचा संघर्ष झाला, मंजुऱ्या अडकल्या आणि २०२२ मध्ये व्यवहार बारगळला. सीमा कुठं लडाखात, कारखाना कुठं तळेगावात!

पुढे २०२३ मध्ये ह्युंदाईनं हा कारखाना घेतला. २०२५ च्या ऑक्टोबरात तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या, आणि नोव्हेंबरात बाजारात आली ती व्हेन्यूची नवी पिढी, अंग बदललेली. म्हणजे पाच वर्षं थंड पडलेल्या कारखान्यात पुन्हा धग आणली ती एका फेरबदलानं. कारखान्याचं आयुष्य इमारतीच्या पायावर मोजत नाहीत, त्याला मिळालेल्या पुढच्या मॉडेलवर मोजतात. १९५४ मध्ये गाड्या बनवायच्या नव्हत्या म्हणून एक कंपनी गेली, २०१७ मध्ये बनवत असूनही तिनं इथला बाजार सोडला. तेव्हा, मंडळी, "नवं मॉडेल कधी येणार" हे शहरात हौसेनं विचारा, जरूर विचारा. पण त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा: कुठल्या कारखान्यात बनणार, आणि तिथं त्याच्यानंतर काय बनणार?

त्या दिवशी धुकं निवळल्यावर मी भाज्याला उतरलो. तिथल्या लेण्यांत, शेवटच्या विहाराच्या भिंतीवर चार घोड्यांचा रथ कोरलेला आहे. अभ्यासक त्याला सूर्याचा रथ म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे काम. मावळातली ही बहुधा सगळ्यात जुनी गाडी. कोरणाऱ्यानं चाकं, घोडे, स्वार सगळं सांभाळून कोरलंय, आपलं नाव मात्र कुठं ठेवलेलं नाही.

परत फिरताना पुन्हा त्या टपरीवर थांबलो. टाटांची सिएरा २०२५ च्या नोव्हेंबरात नव्यानं आली आहे, ती कशी दिसते हे तो मुलगा मला हातवारे करून सांगत होता. मी म्हटलं, "अरे, सिएरा १९९१ मध्येच आली होती, आपल्या पुण्यातच बनायची. मागच्या काचा वर छपराकडे वळलेल्या." तो माझ्याकडे अविश्वासानं बघत राहिला. मग बापाला विचारायला आत पळाला. बाप पातेल्यात साखर टाकता टाकता म्हणाला, "काका खरं सांगतायत. आणि तू आयटीआयला जाणार असशील ना, तर नुसते दिवे ओळखून भागायचं नाही."