मांडवीकांठची पणजी : हुकुमाआधीं झालेली राजधानी

राजधानी कशी निर्माण होते, असें कोणी विचारलें तर बहुधा उत्तर येतें कीं, राजा हुकूम करतो आणि राजधानी होते. इतिहासाचा अनुभव मात्र निराळा आहे. वऱ्हाडांतील श्रोत्यांना हें फार समजावून सांगावयास नको. शिरपूर जैन येथें अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनास येणारा यात्रेकरू ज्या वाशीमचें नांव सहज घेतो, तें वाशीम म्हणजेच वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म होय. सत्ता गेली, राजधानी गेली, गांव तेवढें राहिलें. आज ज्या नगराविषयीं मी बोलणार आहें, त्याची कथा याच्या उलट आहे. तेथें गांव आधीं होतें. राजधानी मागाहून त्याच्या दारीं चालत आली, आणि राजाचा हुकूम तिच्याही मागून आला. तें नगर म्हणजे गोव्याची पणजी.

सह्याद्रींत भीमगडाच्या परिसरांत उगम पावणारी म्हादई गोव्यांत उतरल्यावर मांडवी या नांवानें ओळखली जाते. समुद्राला मिळण्यापूर्वीं तिच्या डाव्या तीरावर एकामागून एक तीन ठिकाणें लागतात : जुनें गोवें, रायबंदर आणि पणजी. पणजी मुखाजवळ असल्यामुळें नदींत शिरणाऱ्या प्रत्येक गलबतावर तिची नजर असे. म्हणूनच विजापूरच्या यूसुफ आदिलशहानें येथें कांठावर तटबंदीचा वाडा बांधला. इ. स. १५१० मध्यें आल्बुकर्कनें गोवें घेतलें, तें थोड्याच महिन्यांत त्याच्या हातून गेलें, आणि भर पावसाळ्यांत त्याचें आरमार मांडवींतच अडकून पडलें. त्या वेळीं पणजीच्या तटावरील तोफांनीं त्याला पुष्कळ सतावलें. २५ नोव्हेंबर १५१० रोजीं त्यानें गोवें पुन्हां जिंकलें. परंतु फिरंग्यांना हवें होतें तें पणजी नव्हे, तर आंतलें समृद्ध बंदर. पणजी केवळ चौकीचें ठिकाण राहिली. लिस्बनहून आलेले खलाशी येथें उतरत, टेकडीवरच्या लहानशा चर्चमध्यें सुखरूप प्रवासाबद्दल देवाचे आभार मानीत आणि पुढें निघून जात.

इ. स. १५३० पासून जुनें गोवें हें पूर्वेकडील सर्व पोर्तुगीज सत्तेचें मुख्य ठाणें झालें. त्याच्या वैभवाचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. त्याच्या विहिरींचें वर्णन फारसें कोणी करीत नाहीं. जांभ्या दगडाची ती जमीन सच्छिद्र. दाट वस्तीची घाण पावसाबरोबर मुरावी आणि त्याच विहिरींचें पाणी लोकांनीं प्यावें, असा प्रकार चालला. पटकी आणि हिंवताप यांच्या सांथी पुनःपुन्हां येऊं लागल्या. नदीचें पात्रही गाळानें उथळ होत चाललें. ज्याला ज्याला जमलें, त्यानें त्यानें नगर सोडलें.

या ओहोटीच्या काळांतच एक काम असें झालें कीं, त्याचा उपयोग कर्त्याच्याही ध्यानीं आला नसेल. इ. स. १६३३-३४ मध्यें लिन्यारिशचा काउंट या विजरईनें रायबंदर आणि पणजी यांच्यामधील खाजणांतून व मिठागरांतून सुमारें तीन किलोमीटर लांबीचा दगडी पूल-रस्ता बांधविला. भरतीचें पाणी त्याच्या कमानींखालून आंतबाहेर जाई. या रस्त्यानें पणजी जुन्या राजधानीशीं जोडली गेली. राजधानीनें पुढें ज्या वाटेनें स्थलांतर केलें, ती वाट सव्वाशें वर्षें आधींच तयार झाली होती.

स्थलांतराचा पहिला विचार मात्र पणजीचा नव्हता, आणि त्याला निमित्त मराठ्यांचें झालें. नोव्हेंबर १६८३ मध्यें छत्रपति संभाजीमहाराजांनीं जुन्या गोव्यासमोरील जुवें बेटाचा किल्ला घेतला. तो परत घेण्यासाठीं विजरई आल्व्होरचा काउंट जातीनें गेला, तेव्हां त्याला जखमी होऊन माघार घ्यावी लागली. पुढें मोगल शाहजादा शहाआलम याची फौज कोंकणांत उतरल्यामुळें मराठ्यांना वेढा आवरावा लागला. तथापि राजधानी किती उघडी आहे, हें फिरंग्यांना पुरतें कळून चुकलें. विजरईनें ती मुरगांवला हलविण्याचें ठरविलें. बांधकामें सुरू झालीं, पैसा खर्च झाला, जुन्या गोव्यांतील इमारतींचे दगडही तिकडे नेण्यांत आले. पण लोक गेले नाहींत. अठराव्या शतकाच्या आरंभीं तो बेत सोडून द्यावा लागला.

लोकांनीं काय केलें, तें विजरईंच्या वर्तनांतूनच दिसतें. इ. स. १६९५ मध्यें विजरईनें आपलें राहाणें जुन्या गोव्याबाहेर पाणेलीं येथें नेलें. १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं वसई घेतली आणि उत्तरेकडील फिरंगाण बहुतेक संपलें. त्यानंतर वीस वर्षांनीं, १७५९ मध्यें, विजरई पणजीस आला आणि आदिलशहाच्या त्या जुन्या वाड्यांत राहूं लागला. लिस्बनचा प्रबळ मंत्री पोंबाल यानें १७७४ नंतर जुनें गोवें पुन्हां वसविण्याची आज्ञा केली. ती आज्ञाही मुरगांवच्या वाटेनें गेली. हुकूम दोन झाले. रोगापुढें आणि लोकांच्या सोयीपुढें दोन्ही हरले.

पणजी तरी तयार शहर कोठें होती? वाडा, चर्च, कांहीं घरें, नारळीच्या बागा आणि बाकी सर्व दलदल. इ. स. १८२७ ते १८३५ या काळांत दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु या अधिकाऱ्यानें ही दलदल बुजविली, सरळ रस्ते आंखले आणि सैन्यासाठीं प्रशस्त इमारत उभारली. १८३२ मध्यें सार्वजनिक ग्रंथालय निघालें. १८४२ मध्यें वैद्यकीय विद्यालय सुरू झालें. एवढें सगळें झाल्यावर, २२ मार्च १८४३ रोजीं, पोर्तुगालच्या राणीच्या हुकुमानें पणजी, रायबंदर आणि जुनें गोवें मिळून 'नोव्हा गोवा' ही राजधानी जाहीर झाली. चौऱ्याऐंशीं वर्षें जें चालत आलें होतें, त्यावर तो केवळ शिक्का होता.

जुन्या नगराच्या अवशेषांचा वांटा नव्याला मिळाला. ऑगस्टिनियन मठाची भव्य घंटा आज पणजीच्या चर्चमध्यें वाजते. परंतु याहून मोठी नोंद दुसरी आहे. इ. स. १५४० च्या सुमारास तिसवाडींतील देवळें पाडण्यांत आलीं आणि लोकांनीं आपले देव नदीपलीकडे नेले. त्याच तिसवाडींत, पणजींत, १८१८ मध्यें महालक्ष्मीचें देवालय उभें राहिलें. नव्या नगराला व्यापारी हवे होते, कारकून हवे होते, कारागीर हवे होते. जुन्या कठोरपणानें तें नगर वसलेंच नसतें.

१९ डिसेंबर १९६१ रोजीं भारतीय सैन्य पणजींत शिरलें. १९६७ च्या जनमत कौलांत गोव्याच्या लोकांनीं महाराष्ट्रांत विलीन न होण्याचा निर्णय दिला. आपल्यापैकीं अनेकांना तो रुचला नाहीं, पण त्यामुळेंच पणजीचें राजधानीपद टिकलें. ३० मे १९८७ रोजीं गोवा घटक राज्य झालें. आदिलशहाच्या वाड्यांत भरणारी विधानसभा २००० सालीं नदीपलीकडे पर्वरीस गेली. राजधानी अद्याप पणजीच आहे.

ती पुढें किती काळ राहील, हें सांगणें इतिहासकाराचें काम नव्हे. एवढें मात्र त्यानें सांगावें कीं, मराठ्यांच्या तरवारीनें जें नगर पडलें नाहीं, तें विहिरींच्या पाण्यानें पडलें. पणजीचा पुष्कळसा भाग पाण्याकडून मागून घेतलेल्या जमिनीवर उभा आहे. सांतिनेजचा ओढा, रायबंदरची मिठागरें, खाजणांचे बांध, हे तिच्या शोभेचे विषय नसून तिच्या आयुष्याचे आधार आहेत. पावसाळ्यांत पाणी आपली जुनी जागा शोधीत येतें. त्याला वाट ठेवली तर पणजी नांदेल. ती बुजविली तर राजधानी हलविण्याचा हुकूम कोणाला काढावाही लागणार नाहीं. जुन्या गोव्याला तरी तो कोणी काढला होता?